त्रेचाळीस चिठ्ठ्या आणि एक चष्मेवाले

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होती आणि त्या एकतीस वर्षांत तिने कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, तक्रार म्हणून सांगतेय, कारण तिच्याबरोबर राहते मी. माझे यजमान गेल्यावर मी तिच्या फ्लॅटमध्ये आले, त्याला आता सहा वर्षं झाली. दूध नासलंय असं मी म्हटलं तर ती विचारते, पातेल्यातलं की पिशवीतलं, आणि तू स्वतः चाखलंस का. अशा बाईशी धड भांडताही येत नाही. चिडून दार आपटून आत जावं, तर बाहेरून विचारणार की दार वाऱ्याने आपटलं की तू आपटलंस.

सगळी सोसायटी तिला ताई म्हणते, सत्तरीतले सुद्धा. चार इमारती, एकशे चाळीस घरं आणि खाली रस्त्याच्या बाजूला सोसायटीच्या मालकीचे चार गाळे. आमचा एक ऑनलाइन गट आहे. त्यात कुणी काही लिहिलं की ते आधी ॲडमिनकडे येतं आणि ॲडमिनने ‘मंजूर’ दाबलं की मगच बाकीच्यांना दिसतं. आधीचा ॲडमिन पार्किंगच्या भांडणांना कंटाळून पळाला, तेव्हा कुणीतरी ताईचं नाव पुढे केलं. निवृत्त आहे, घरी असते, आणि वाचल्याशिवाय कशावर सही करत नाही, एवढी तिची पात्रता. मी तेव्हाच म्हटलं होतं की नसतं लचांड गळ्यात घेऊ नकोस. ऐकेल तर ती ताई कसली.

पहिली दोन वर्षं बरी गेली. लिफ्ट, कचरा, पाचव्या मजल्यावरचा कुत्रा. मग दूरच्या कुठल्याशा शहरात मारामारी झाली, टीव्हीवर तीन दिवस तेच दाखवलं, आणि आमच्या गटाला एकदम जगाची काळजी लागली. आपल्या जिन्यातला दिवा गेलाय हे ज्यांना महिनाभर दिसत नाही, त्यांना तिथलं सगळं लख्ख दिसायला लागलं. मुसलमान हे असे, मुसलमान ते तसे, या लोकांसाठी कितीही करा, हे लोक कधी सुधारायचे नाहीत. सकाळी चहाच्या आधी ताईकडे मंजुरीला यायला लागायचं ते जेवणं आटोपेपर्यंत.

बोलणं नवीन नव्हतं, पण वेळ वाईट होती. गाळा नंबर तीनमध्ये चष्म्यांचं दुकान आहे आणि ते चालवणारे चष्मेवाले मुसलमान आहेत. अकरा वर्षं आमच्या सगळ्यांचे डोळे तेच सांभाळतायत. त्यांच्या गाळ्याचा करार दीड महिन्यात संपणार होता. एरवी तो न बोलता वाढायचा. या वेळी मात्र चेअरमननी तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत सातव्या क्रमांकावर घातला, रंगकाम आणि टाकीची सफाई यांच्या मध्ये. हात वर करून ठरणार होतं, ठेवायचे की काढायचे. चष्मेवाल्यांच्या दोन मुली कॉलेजात, घर त्या दुकानावर चालतं, आणि डोळे तपासायचं यंत्र भिंतीत पक्कं बसवलेलं. पन्नाशीच्या पुढे असं सगळं उपटून माणूस जाणार कुठे?

आता ताईच्या चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. प्रयोगशाळेत पाण्याची बाटली आली की तिच्या गळ्यात चिठ्ठी बांधलेली असायची. नमुना कुठून घेतला, किती ठिकाणचा घेतला, कुणी स्वतःच्या हाताने घेतला. चिठ्ठी नसलेली बाटली ताई बाजूला सारायची, मग ती आणणारा खुद्द मोठा साहेब का असेना. एका नळाला गढूळ पाणी आलं म्हणून अख्ख्या शहराचं पाणी खराब असं लिहिणारा माणूस तिच्या लेखी माणूसच नव्हता. तीच चिठ्ठी तिने गटात आणली.

पहिला मान फॉरवर्डकाकांचा. दुसऱ्या इमारतीतले हे गृहस्थ सकाळी सहाला उठतात आणि आलेलं सगळं पुढे ढकलून मगच दात घासतात. त्यांनी लिहिलं की मुसलमान सगळे असेच. ताईने मंजूर दाबलं नाही. त्यांना अगदी नम्रपणे कळवलं की नमुने किती, कुठून घेतले, स्वतः घेतले की ऐकीव आहेत आणि निकाल काय, एवढं लिहून पाठवावं, लगेच मंजूर करते. काकांनी लिहिलं, नमुने कोट्यवधी. कुठून घेतले, तर व्हिडिओतून. ताईने उत्तर दिलं की ही बाटली कुणी भरली ते कळत नाही, कृपया स्वतः नमुना घ्यावा. काकांनी तोच व्हिडिओ सात वेळा पाठवला. सातही वेळा त्यांना तेच उत्तर गेलं, आणि आठव्यांदा ते स्वतःच आमच्या दारात येऊन उभे राहिले. ताईने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पेनही दिलं.

त्यांच्या मागोमाग प्राध्यापक आले. ते आमच्याच मजल्यावरचे, सगळ्यांबद्दल चांगलं बोलणारे. त्यांनी लिहिलं होतं की मुसलमान सगळे मनाने मोठे असतात, आणि ताईने तेही अडवलं होतं. त्यांना ते फार लागलं. ते म्हणाले, अहो, मी तर त्यांच्या बाजूने लिहितोय. ताई म्हणाली की बाजू कुठली ते चिठ्ठीत विचारलेलंच नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, नमुने दोन, एक लहानपणीचा शेजारी आणि एक आपले चष्मेवाले. मनाचा आकार मोजला का, या प्रश्नापुढे त्यांनी रेघ ओढली.

मी हे सगळं साळसूदपणे सांगतेय, पण माझीही चिठ्ठी आहे त्यात. एका दुपारी ओट्यापाशी माझ्या तोंडून गेलं की तू काही म्हण, हे लोक जरा तापटच. ताईने वाणसामानाच्या यादीचा मागचा भाग फाडला, त्यावर चार प्रश्न लिहिले आणि माझ्या कपाखाली सरकवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी लिहायला बसले. पंचवीस वर्षं मी शाळेचे गणवेश शिवले, प्रत्येक पोराचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही, म्हणून निदान लाज होती. मला ठाऊक असलेले मुसलमान दोन. एक चष्मेवाले, त्यांचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. दुसरे मला बटणं पुरवायचे ते, आणि ते एकदाच ओरडले होते, मी त्यांचा भलताच डबा परत पाठवला तेव्हा. म्हणजे दोघांत तापट कुणी नाही आणि जी होती ती मी. चिठ्ठी तिच्या पुढ्यात टाकली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

सगळ्यात सविस्तर चिठ्ठी चेअरमनची. हे दातांचे डॉक्टर, आता दवाखाना बंद केलाय, पण बोलताना अजून समोरच्याच्या तोंडात बघतात. त्यांचेही नमुने दोनच निघाले. एक वसतिगृहातला खोलीतला सोबती, त्याने चाळीस वर्षांपूर्वी जबड्याच्या हाडांचं पुस्तक नेलं ते परत दिलं नाही, निकाल वाईट. दुसरे चष्मेवाले, निकाल उत्तम. ताईने विचारलं की बाकीच्या सोबत्यांनी पुस्तकं परत दिली का. डॉक्टरांनी कळवलं की तो मुद्दा नाही.

महिनाभरात अशा त्रेचाळीस चिठ्ठ्या जमल्या. ताईने त्या जेवणाच्या टेबलावर पसरल्या, मला पोळी लाटायला सुद्धा जागा ठेवली नाही, आणि पट्टी घेऊन तक्ता आखला. सभेच्या दहा दिवस आधी तो गटात टाकला. आलेल्या चिठ्ठ्या त्रेचाळीस. त्यांतली वेगवेगळी माणसं चार. पैकी चष्मेवाले सर्व त्रेचाळीस चिठ्ठ्यांत, निकाल सर्व ठिकाणी उत्तम. उरलेले तिघे, एकाने पुस्तक परत दिलं नाही, बाकी दोघे ठीक. आणि यावरून सोसायटीने काढलेला निष्कर्ष, वाईट. खाली तिने एकच ओळ लिहिली होती की हा निष्कर्ष कुठून आला ते प्रयोगशाळेस कळलेलं नाही.

गट दिवसभर गप्प होता. मग कुणीतरी हसायचं चित्र टाकलं आणि बांध फुटल्यासारखे सगळे हसत सुटले. खरंच की, आपण ओळखतो कोणाला, एकट्या चष्मेवाल्यांना, आणि त्यांच्यासारखा माणूस नाही. सातवा विषय आता पाच मिनिटांत आटोपेल असं सेक्रेटरीसुद्धा म्हणाले. त्या संध्याकाळी ताई गुणगुणत भाजी चिरत होती. मलाही वाटलं, जिंकलो बाई एकदाचे.

पण आमच्या सोसायटीला द्वेष परवडतो, प्रेम आवरत नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक दुकानाच्या काचेतून आत बघून हसायला लागले. ज्यांना चष्मा नाही तेही आत जाऊन चष्मेवाल्यांचा हात हातात घ्यायचे. एकांनी आपले पाहुणे दाखवायला आणले, हे बघा आमचे चष्मेवाले, अगदी आपल्यासारखे. कुणी सांगून गेलं की तुमच्यातले सगळे तुमच्यासारखे असते तर प्रश्नच मिटला असता. चष्मेवाले हसायचे. ते अर्धा तास आधी दुकान उघडायला लागले. जेवायला घरी जायचे, ते दुकानातच काउंटरमागे वाकून जेवायला लागले. पूर्वी हमखास ‘उद्या या’ म्हणणारा माणूस आता ‘आत्ता देतो’ म्हणायला लागला. ताई आणि मी जाता-येता हे बघत होतो आणि आम्हाला बरं वाटत होतं, इतक्या आम्ही शहाण्या.

सभा रविवारी. गुरुवारी दातांचे डॉक्टर नवा चष्मा करायला गेले आणि त्यांना तो आजच्या आज हवा होता. चष्मेवाल्यांनी तो तासाभरात करून दिला आणि त्या घाईत डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली. डॉक्टर नवा चष्मा लावून ऐटीत निघाले आणि जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या त्यांना एकच दिसल्या. ओठ फाटला, हनुवटी खरचटली.

संध्याकाळी त्यांची चिठ्ठी आली. इतकी व्यवस्थित चिठ्ठी महिनाभरात दुसरी आली नव्हती. नमुना, चष्मेवाले. कुठून, गाळा नंबर तीन. स्वतः घेतला का, होय, तोंडावर. निकाल, खराब. पुढे लिहिलं होतं की त्रेचाळीसही चिठ्ठ्यांमध्ये हाच एक नमुना असल्यामुळे त्रेचाळीसही निकाल दुरुस्त करून घ्यावेत, आणि मुसलमानांबद्दलचा मूळ निष्कर्ष कायम समजावा.

ताई त्या चिठ्ठीकडे बघत बसली. मी म्हटलं, अडव. ती म्हणाली, कशावर अडवू, चारही उत्तरं आहेत. मी म्हटलं, खड्ड्यात गेली तुझी चार उत्तरं, उद्या त्या माणसाचं दुकान जाईल. तिने मान खाली घातली आणि मंजूर दाबलं. तिच्या प्रयोगशाळेत भरलेली चिठ्ठी कधी अडवली नव्हती म्हणे. मी तिला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही, माझी भाचरंही वाचतील.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकतीस जणांनी आपला निकाल बदलून घेतला होता. परवा ज्यांनी हात हातात घेतला होता त्यांनी लिहिलं की आम्हाला आधीपासून शंका होतीच. एका बाईंनी लिहिलं की मला हल्ली डोकं दुखतं ते यामुळेच असणार. त्यांचा चष्मा दुसऱ्या दुकानातला, पण ते कोण विचारतो. फॉरवर्डकाकांनी आठव्यांदा तो व्हिडिओ पाठवला आणि सोबत लिहिलं, नमुना मिळाला.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात चष्मेवाले. अकरा वर्षांत ते आमच्या घरी चष्म्याची डबी हातात असल्याशिवाय कधी आले नव्हते, आज हात रिकामे होते. खुर्चीच्या काठावर बसले, चहा नको म्हणाले. डॉक्टरांची माफी मागून आलोय, काचा बदलून दिल्या, असं त्यांनी आधी सांगितलं. ताईने बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“ताई, तुम्ही माझं भलं करायला गेलात, ते कळतं मला,” ते म्हणाले. “पण तुम्ही मला पास केलंत. तेव्हापासून मी रोज परीक्षेला बसतोय. डॉक्टर आजच्या आज म्हणाले. एरवी मी त्यांना सांगितलं असतं की साहेब, जमणार नाही, उद्या या. ते चिडले असते, मीही चिडलो असतो, आणि काचा बरोबर बसल्या असत्या. या वेळी माझी नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मी नाही म्हटलं असतं तर ते माझ्या एकट्याचं नाही म्हणणं राहिलं नसतं.”

ताईचा चेहरा पांढरा पडला. मी आयुष्यात तिला असं बघितलं नव्हतं.

“काचा उलट्या बसवल्या ती चूक माझी आहे,” ते म्हणाले. “माझ्या एकट्याची. ती कोट्यवधी माणसांमध्ये वाटून टाकू नका, आणि माझं एखादं काम चांगलं झालं तर तेही वाटू नका. दोन्ही माझ्यापाशी राहू दे. एवढंच सांगायला आलो होतो.”

ते उठले, चपला घातल्या आणि गेले. मी चहा ठेवला तर तो तसाच निवला. मग ताई म्हणाली की पाण्याचं बरं असतं, त्याला काय वाटतं ते विचारावं लागत नाही.

रविवारी सभा दुसऱ्या इमारतीच्या खाली, गाड्या हलवून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. चष्मेवाले भाडेकरू, त्यांना सभेत बसता येत नाही. ते समोर दुकानात होते, शटर अर्धं ओढलेलं, खालून त्यांचे बूट दिसत होते. पहिले पाच विषय कसे गेले कळलं नाही. रंगकामावर मात्र पाऊण तास गेला, कारण अर्ध्यांना पिवळा हवा होता. मग सातवा आला आणि फॉरवर्डकाका उभे राहिले. ते वीस मिनिटं बोलले आणि त्यात चष्मेवाल्यांचं नाव एकदाही आलं नाही, सगळे दूरदूरचे लोक आले. लोक माना डोलवत होते. डॉक्टर समोर बसले होते, ओठावर पट्टी, आणि त्यांना बोलायची गरजच नव्हती.

ताई उभी राहिली तेव्हा हातात कागद नव्हता. तिने सांगितलं की तक्ता तिने सकाळी गटातून काढून टाकला. खराब म्हणणारे निकाल काढले तसे उत्तम म्हणणारेही काढले, कारण तक्ताच चुकला होता, आणि तो चुकवणारी ती स्वतः होती. एका माणसाला बाटलीत भरून तिने सगळ्यांपुढे धरलं आणि त्याला विचारलंही नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत इतकं वाईट काम तिच्या हातून झालं नव्हतं. मग ती म्हणाली की आज ठरवायचंय ते फार लहान आहे. गाळा नंबर तीनमध्ये एक माणूस चष्मे बनवतो. अकरा वर्षांत त्याने हजारो बनवले, गुरुवारी एक चुकवला. त्याला पुढची तीन वर्षं चष्मे बनवू द्यायचे का.

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. डॉक्टरांनी पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाले की ज्याचं फुटतं त्यालाच कळतं, आणि या लोकांच्या कामाचं हे असंच असतं. दोन-चार जण हो हो म्हणाले. ताई खाली बसली. तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं, मला दिसत होतं ते.

मी सभेत कधी बोलत नाही. सुई-दोरा हातात असला तरच मला चार माणसांत बरं वाटतं. पण माझे पाय आपोआप उभे राहिले.

“डॉक्टर,” मी म्हटलं, “पाच वर्षांपूर्वी तुम्ही माझी दाढ काढलीत. दुखत होती उजवीकडची, तुम्ही काढलीत डावीकडची.”

सगळे माझ्याकडे वळले. डॉक्टरांनी सवयीने माझ्या तोंडात बघितलं.

“मी या सोसायटीत कुणाला सांगितलं नाही,” मी म्हटलं. “शिव्या दिल्या, भरपूर दिल्या, पण त्या तुम्हाला एकट्याला. दातांचे डॉक्टर सगळे असेच, किंवा आपल्या धर्माचे लोक सगळे असेच, असं माझ्या मनातही आलं नाही. पुढच्या आठवड्यात दुसरी दाढ काढायला मी तुमच्याकडेच आले होते.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू आवरेना. डॉक्टर लालबुंद झाले. ती डावीकडची पण किडायला लागली होती, असं काहीतरी ते पुटपुटले. चौथ्या इमारतीतल्या एक आजी उभ्या राहून विचारायला लागल्या की माझीही एक काढलीत, ती कुठली होती. सेक्रेटरींनी टेबल वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि हात वर करायला सांगितले.

ठेवावे म्हणून अडुसष्ट, काढावे म्हणून बावन्न. बावन्न म्हणजे काही थोडे नव्हेत, आणि ते रोज लिफ्टमध्ये भेटतात. फॉरवर्डकाकांचा हात बावन्नांत होता, प्राध्यापकांचा अडुसष्टांत, आणि डॉक्टरांनी हातच वर केला नाही. ताई निरोप सांगायला दुकानात गेली. मी लांब उभी होते. शटर वर गेलं, ती काहीतरी म्हणाली, त्यांनी मान हलवली आणि हातातली काच पुसत राहिले. तिने नंतर सांगितलं की ते फक्त ‘बरं’ म्हणाले.

त्याला तीन आठवडे झाले असतील. ताई सकाळी खिडकीपाशी बसून गट बघत होती. फॉरवर्डकाकांचं काहीतरी आलं होतं. तिने ते वाचलं, चष्मा सावरून परत वाचलं आणि मला हाक मारली. काकांनी लिहिलं होतं की चष्मेवाल्याने माझ्या चष्म्याची काडी चार दिवस तशीच ठेवली आहे, विचारलं की उद्या या म्हणतो, आणि वर तोंड करून बोलतो. उद्धट आणि आळशी माणूस आहे. बस, एवढंच. पुढेमागे कुणी नाही, व्हिडिओ नाही, कोट्यवधी नाहीत. ताईने अडवायला काही सापडतं का ते तिसऱ्यांदा बघितलं. सापडलं नाही. तिने मंजूर दाबलं.

चष्मेवाले गेली अकरा वर्षं गटात आहेत आणि अकरा वर्षांत त्यांनी जोडलेल्या हातांच्या चित्राशिवाय काही टाकलं नव्हतं. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर मंजुरीला आलं. ‘काका, चष्म्यावर तुम्ही बसलात, काडी मी मोडलेली नाही. उद्या म्हणजे उद्या. घाई असेल तर दुसरीकडे करा. आणि काल माझ्या दुकानातला पेपर उचलून नेलात, तो आधी परत आणा.’

मला वाटलं, ताई आता भाषेवरून काहीतरी काढणार. तिचं बोट पडद्यावर नुसतंच थांबलं होतं. मग तिने ते दाबलं, फोन मांडीवर ठेवला आणि बाहीने डोळे पुसले.

“भांडतायत गं,” ती मला म्हणाली.

दोघं दुपारपर्यंत भांडत होते, पेपरावरून, काडीवरून, कोण कुणावर बसलं त्यावरून. ताईने सगळं मंजूर केलं. गटात एकशे चाळीस घरं आहेत, पण त्या दिवशी तिसरं कुणी मध्ये पडलं नाही.